वाऱ्याकडे पाठ केलेली घरं

मी एक अख्खं शहर काढलं आहे. बांधलं असं म्हणत नाही, बांधणारे वेगळे होते. मी ते फोर्टातल्या एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काळ्या शाईने काढलं. ते कच्छच्या किनाऱ्यावर आहे आणि मी तिथे आजतागायत गेलेली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या शहरातल्या शेकडो घरांचे दरवाजे ज्या दिशेला उघडतात, ती दिशा ठरली तेव्हा मी त्या कचेरीत हजर होते आणि त्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. फणसवाडीतल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. घराणं जुनं मुंबईकर. पणजोबांची म्हणे गिरगावात आंब्याफणसांची अर्धी वाडी होती. आमच्या वाट्याला त्या वाडीच्या गप्पा तेवढ्या आल्या होत्या, आणि आतल्या चौकाकडे तोंड केलेल्या दोन खोल्या. वडील सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आई घरकामात, धाकटी बहीण शाळेत. घर माझ्या पगारावर चालत होतं. वडिलांना ते फार लागायचं, म्हणून त्याविषयी घरात कुणी बोलत नसे.

माझं काम ट्रेसरचं. ड्राफ्ट्समन जाड कागदावर पेन्सिलीने नकाशा काढत. त्यावर खळ दिलेलं पातळ निळसर कापड ताणून पिनांनी बसवायचं, शंखजिऱ्याची पूड चोळून त्याचा तेलकटपणा घालवायचा आणि खालची प्रत्येक रेघ रूलिंग पेनने शाईत उतरवायची. घामाचा थेंब पडला की खळ विरघळून कापडाला फोड यायचा, म्हणून मनगटाखाली कायम रुमाल. चूक झाली तर ब्लेडने खरवडायची. फारच बिघडलेलं कापड मी घरी नेत असे. धुतल्यावर त्यातून सुरेख मलमल निघायची. बहिणीची दोन पोलकी मी एका बंगल्याच्या जिन्यातून आणि तळमजल्यातून शिवली आहेत.

ट्रेसरने डोकं चालवायचं नाही, हा पहिला नियम. पेन्सिलीत मेलेली माशी असली तर शाईतही माशी उतरली पाहिजे. शीटच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकटी असत: काढणाऱ्याची, ट्रेस करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. आपल्या चौकटीत नावाची आद्याक्षरं घातली की आपलं काम संपलं. तिन्ही चौकटी भरल्याशिवाय शीट छापायला जात नसे. बहुतेक ट्रेसर ती अक्षरं चहा पिता पिता घालत. मी मात्र ती वळणदार काढायची. अख्ख्या नकाशात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

त्याच सुमारास द्वैभाषिक राज्य झालं होतं. आम्ही मुंबईसह महाराष्ट्र मागितला आणि हाती आलं भलतंच. विदर्भापासून कच्छपर्यंत सगळ्यांना एका राज्यात कोंबलं. गिरगाव नुसतं धुमसत होतं. चाळीच्या प्रत्येक भिंतीवर घोषणा होत्या. गोळीबारात गेलेल्यांची आठवण ताजी होती. वडील रोज काळी टोपी घालून कुठल्या ना कुठल्या सभेला जात आणि घसा बसवून परत येत. आणि नेमकं तेव्हाच आमच्या कचेरीला कच्छचं काम मिळालं. खाडीवर नवं बंदर होत होतं. त्याच्यामागे खाऱ्या वाळूच्या माळावर कारखाने, तेलगिरण्या, मिठाचे आगर, बाजार, दवाखाना आणि कामगारांची घरं असं सबंध शहर आखून वसवायचं होतं.

"इथे आम्हांला आमची मुंबई मिळत नाही," वडील म्हणाले, "आणि आमची लेक त्यांना आयती शहरं काढून देतेय!"

"बाबा, शहर काय कुणाच्या बापाचं असतं?" मी ताडकन म्हटलं.

"अस्सं? मुंबईसुद्धा?"

मी डबा उचलून कामाला निघाले. वडील दोन दिवस खुशीत होते.

मला मात्र त्या कामाने वेड लावलं होतं. पहिल्या शीटवर काय होतं? एक खाडी, एक तुटक रेघ (ती म्हणे उंटांची वाट) आणि बाकी कोरं कापड. पुढच्या आठवड्यात त्या कोऱ्यावर एक लांब रस्ता आला. मग त्याला काटकोनात आठ रस्ते. मग चौक, पाण्याची टाकी, रेल्वेचं साइडिंग. गिरगावात एक मोरी हलवायची तर चार भाडेकरू आणि एक घरमालक आयुष्यभर भांडतात. इथे मी दुपारच्या जेवणाआधी सहा गल्ल्या सरळ करत होते. मला ते मनापासून आवडत होतं.

सगळ्यांत आवडती शीट होती कामगारांच्या घरांची. दोन खोल्या, मोरी, मागे परसू आणि पुढे समुद्राच्या बाजूला ऐसपैस गॅलरी. आमचे हेड ड्राफ्ट्समन दादरचे. घर रस्त्याच्या आतल्या अंगाला, त्यामुळे जन्मभर वाऱ्यावाचून कुढलेले. ते पेन्सिल कानाला लावून सगळ्यांना दाखवत, "एक घर सोडलेलं नाही. प्रत्येकाला पश्चिमेचा वारा! मुंबईत बड्या साहेबालासुद्धा असली खोली मिळत नाही." आम्ही सगळे माना डोलवायचो. मीसुद्धा. गिरगावातल्या माणसाला चौपाटीकडून येणाऱ्या वाऱ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या चाळीत पश्चिमेच्या खोल्यांतल्या बायका आतल्या खोल्यांतल्या बायकांशी जरा वरच्या पट्टीतच बोलत. त्या गॅलऱ्या ट्रेस करताना मी मनातल्या मनात तिथे आईला बसवलं होतं, तांदूळ निवडायला.

चाळीच्या खाली एका कच्छी शेठचं वाणसामानाचं दुकान होतं. माझ्या जन्माआधीपासूनचं. त्या दिवसांत चाळीतल्या काही तरुण मंडळींनी ठरवलं की त्याच्याकडून माल घ्यायचा नाही. त्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्याची भाषा वेगळी, एवढाच गुन्हा. शेठ दाराची एकच फळी काढून आत अंधारात बसून असायचा. मला कुणी अमुक करू नको म्हटलं की तेच करावंसं वाटतं, म्हणून मी त्या आठवड्यात रोज साबुदाणा आणायला जात होते. घरात कुणी उपास करत नव्हतं.

एका संध्याकाळी पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "बेन, छोकरीचं लगन ठरलं. जावई तिकडे नव्या बंदरावर नोकरीला लागलाय. कंपनीचं घर मिळणार. तुम्ही काढताय ना, त्यातलंच."

त्याची मुलगी माझ्या बहिणीहून चार वर्षांनी मोठी, आमच्याच चौकात लंगडी खेळून वाढलेली. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्याकडून पुडीचा कागद मागून घेतला आणि त्याच्याच पेन्सिलीने घर काढून दाखवलं. ही खोली, ही चूल, ही मोरी आणि ही गॅलरी.

"आणि दरियो कुठे?"

"हा इथे, समोरच. सगळं घर समुद्राकडे तोंड करून."

शेठचा चेहरा पडला. "दरवाजा पण?"

"हो. वारा येतो ना."

"बेन, तुम्ही तिकडचा वारा बघितलाय?"

"वारा काय बघायचा असतो, शेठ?"

"आमच्याकडे दिसतो," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. चैत्र लागला की वारा पश्चिमेने सुटतो तो चार-पाच महिने थांबत नाही. खाऱ्या माळावरून येतो आणि वाळू आणि मीठ दोन्ही घेऊन येतो. उघडा दरवाजा लावायला दोन माणसं लागतात. बिजागरी वर्षात गळून पडते. पोरांचे डोळे लाल होतात ते होळीपासून गोकुळाष्टमीपर्यंत. त्याच्या गावात एका घराचं तोंड त्या बाजूला नाही. तिकडे जाड भिंत, वर हातभर झरोका. दरवाजा, ओटा, बायकांची ऊठबस सगळी पूर्वेला. "आपण वाऱ्याला तोंड देत नाही, बेन. पाठ देतो." एवढं बोलून त्याने कागदावरच्या दरवाजावर बोट ठेवलं. "माझी छोकरी तिकडे राहणार," तो पुन्हा म्हणाला, मला आधी ऐकू गेलं नसल्यासारखं.

त्या रात्री मी तेच घर पुन्हा एका कागदावर काढलं. चूक कुठे झाली ते मला स्वच्छ दिसत होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माळावर गिरगाव चौपाटी काढून ठेवली होती. कचेरीचे मोठे साहेब एकदा जागा बघायला गेले होते, पण मुंबईची माणसं तिकडे जातात ती मार्गशीर्षात, हवा सोसेल तेव्हा. मार्गशीर्षात तो वारा झोपलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी हेड ड्राफ्ट्समनना सांगितलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं आणि मग सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकलंत का? आता वाणी आपल्याला टाउन प्लॅनिंग शिकवणार. बाई, तुम्ही ट्रेस करा. शनिवारी सगळ्या शीट छापायला जातायत."

मी ट्रेस केलं. एकही रेघ कमीजास्त केली नाही. शुक्रवारी दुपारी घरांच्या अकराच्या अकरा शीट तयार होत्या. मी त्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी कोपऱ्यात बघितलं. माझी चौकट अकराही ठिकाणी कोरी होती.

"हे काय?"

"काम पुरं केलंय, सर. अक्षरं घालणार नाही. आधी कुणीतरी वाऱ्याचं विचारा."

"अहो, तुमच्या दोन अक्षरांना विचारतो कोण?"

"मग त्यांच्यावाचून छापा ना."

हे मी म्हणाले खरी, पण मला भयंकर भीती वाटली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. नोकरी गेली असती तर आमचं घर दोन महिन्यांत उघडं पडलं असतं. हेड ड्राफ्ट्समन लालबुंद झाले. सगळी कचेरी पेनं खाली ठेवून बघत होती. त्यांनी शीट उचलल्या आणि सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी मला आत बोलावलं.

मोठे साहेब पारशी, वयाने वडिलांएवढे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तो वाणी कुठला?" मी गाव सांगितलं. साहेबांनी मागच्या भिंतीवरचा नकाशा पाहिला. गाव आमच्या जागेपासून जेमतेम दोन बोटं लांब होतं. "उद्या सकाळी त्याला घेऊन ये," ते म्हणाले. "आणि तो खोटा निघाला तर तू परत येऊ नको."

आता खरी पंचाईत. दुसऱ्या दिवशी हरताळाची हाक होती आणि शेठ आठवडाभर फळीबाहेर आला नव्हता. त्याची पांढरी पगडी चार गल्ल्यांतून दिसली असती. शेवटी मी वडिलांना सगळं सांगितलं, नोकरीचंसुद्धा. वाटलं, आता फुटणार.  पण त्यांनी उठून सभेला जायचा कोट घातला, टोपी झटकली आणि ती खुंटीला परत लावून म्हणाले, "सकाळी सातला निघू. ट्राम मिळाली तर मिळाली."

ट्राम बंद होत्या. आम्ही तिघं ठाकूरद्वारावरून चालत निघालो. मध्ये शेठ, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मी. नाक्यावर पन्नासएक तरुण घोषणा देत उभे होते. त्यांतल्या दोघांची नजर पगडीवर गेली. ते पुढे आले. वडिलांनी शेठचा दंड पकडला, हात वर केला आणि सबंध नाका दणाणेल अशा आवाजात ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" पोरांनी आपसूक साथ दिली.

वडिलांनी तीन वेळा आरोळी दिली. तिसऱ्या वेळी शेठनेही हळूच म्हटलं, "झालाच पाहिजे." पोरं हसली. बाजूला झाली. पुढे गेल्यावर वडील म्हणाले, "मुंबई आमची म्हणायची आणि आमच्या वाण्याला रस्त्यातून चालता येऊ नये, हे मला जमायचं नाही." त्यांचा माझ्यावरचा राग, माझ्या कामावरचा राग, सगळा त्या एका वाक्यात संपला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

कचेरीत शेठने पायातल्या वहाणा दाराबाहेर काढल्या. साहेबांनी टेबलावर मोठी शीट पसरली. शेठला ती वाचता येईना. उत्तर वर, दक्षिण खाली, हे त्याच्या डोक्यात बसेना. मग मी शीट फिरवली, खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राच्या बाजूला नकाशातला समुद्र आणला आणि म्हटलं, "शेठ, आता तुम्ही गावात उभे आहात." त्याने मान हलवली. साहेब त्याच्याशी गुजरातीत बोलू लागले, तो अर्धं कच्छीत उत्तरं देऊ लागला. हेड ड्राफ्ट्समन हाताची घडी घालून उभे होते.

"शाबित कर," साहेब म्हणाले.

शेठने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या टेबलावर शंखजिऱ्याची वाटी होती. त्याने दोन चिमटी पूड उचलून नकाशातल्या समुद्रकाठी ठेवली, खाली वाकला आणि फुंकर मारली. पांढरी पूड रस्ते ओलांडून घरांवर गेली. अकरा ओळी, प्रत्येक गॅलरी, प्रत्येक दरवाजा पांढरा झाला. पूर्वेची परसं मात्र कोरी, काळ्या रेघांची, स्वच्छ राहिली.  मग साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी बंदरावरच्या कचेरीला तार पाठवायला सांगितलं. आठवडाभराने वाऱ्याच्या नोंदी आल्या. शेठचा शब्द न् शब्द खरा होता.

पण तोवर मुदत संपत आली होती. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, सगळं नव्याने काढायचं तर महिना जाईल. इथे ट्रेसरचं डोकं कामाला आलं. कापड आरपार दिसतं. मी जुनी शीट पालथी घातली, तिच्यावर नवं कापड ताणलं आणि पाठीमागून दिसणाऱ्या रेघा गिरवल्या. घर आपोआप उलटं झालं. गॅलरी पूर्वेला, परसाची भिंत पश्चिमेला. ती भिंत जाड केली, वर झरोके काढले, अक्षरं तेवढी नव्याने लिहिली. चार दिवसांत अकरा शीट. शेवटच्या शीटला हेड ड्राफ्ट्समन स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि शेजारी उभे राहिले. "बाई, आता घाला अक्षरं," ते म्हणाले. ते मनाचे वाईट नव्हते. मी घातली, अकरा वेळा, जितकी वळणदार येत होती तितकी. शेठसाठी मात्र कोपऱ्यात चौकट नव्हती. ते मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

त्यानंतर ते शहर भराभर वाढलं. दर महिन्याला नळकांड्यात गुंडाळलेल्या शीट जात आणि तिकडून फोटो येत. एका फोटोत नुसते खड्डे, पुढच्यात जोती, पुढच्यात छपरं. मिठाच्या कारखान्याशेजारी लाकडाची वखार आली, मग पोलादी नळ्यांचा कारखाना, मग शाळा दोन. कोऱ्या कापडावर जागा उरेना, तेव्हा शीटला शीट जोडून ट्रेस करावं लागलं. ती जोडशीट टेबलावर मावत नव्हती. आम्ही ती जमिनीवर पसरली आणि मी मोजे घालून माझ्या शहरात गुडघ्यांवर बसून काम केलं.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला! त्या दिवशी गिरगावात जे काही होतं ते मी शब्दांत सांगायच्या फंदात पडत नाही. वडील चाळीच्या जिन्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मिठी मारत होते आणि रडत होते. शेठने दुकानाच्या सगळ्या फळ्या काढल्या आणि दाराशी बसून पेढे वाटले. माझं शहर त्या दिवशी दुसऱ्या राज्यात गेलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. लेकीसुद्धा परक्या घरीच जातात. बरं चाललं पाहिजे, बस." एवढं गोड ते कधीच बोलत नसत.

पुढच्या वर्षी शेठची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, गाल वर आलेले. दुपारी ती दुकानाच्या फळीवर बसली होती, शेठ तागडीशी, वडील पेपर घेऊन शेजारच्या बाकावर. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती म्हणून लवकर घरी येत होते. तिला पाहिलं आणि मी तिथेच थांबले. दोन उन्हाळे तिने त्या घरात काढले होते. फोटोत भिंती दिसतात, आत काय होतं ते दिसत नाही.

"कसं आहे गं घर?" मी विचारलं.

"घर मस्त आहे, ताई. रस्ते एवढे रुंद. शेजार चांगला. दारात लिंब लावलाय, तो माझ्याहून उंच झाला." मग ती जरा घुटमळली. "एक सांगू? रागावू नका हां. ज्याने कुणी घर काढलं ना, त्याला काही अक्कल नाही."

वडिलांनी पेपर खाली केला. शेठचा हात तागडीवरच थांबला.

"का गं?"

"अहो, एवढा मोठा दरिया आहे आणि घराची पाठ तिकडे! दरवाजा भलतीकडेच. आपल्या गिरगावात कसा चौपाटीचा वारा येतो? तिथे घरात वाऱ्याची झुळूक म्हणून नाही."

 मी विचारलं, "आणि वाळू? घरात वाळू येते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की एवढी शिकलेली बाई आणि हे काय विचारते.

"घरात?" ती म्हणाली. "घरात कुठून येणार वाळू?"